जीन थेरपी येतेय म्हणे, मग इम्प्लांटला थोडं थांबू का?

गेल्या एक-दोन वर्षांत हा प्रश्न मला जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या बऱ्याच आईबाबांनी विचारलाय. इम्प्लांट म्हणजे कॉक्लियर इम्प्लांट, ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, आणि जीन थेरपी म्हणजे बिघडलेल्या जीनची चांगली प्रत पेशींपर्यंत पोचवणं. मोबाईलवर एक व्हिडिओ असतो, चीनमधलं एखादं बाळ इंजेक्शन घेऊन ऐकायला लागलेलं, आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "मॅडम, मग ऑपरेशन कशाला, थोडं थांबूया ना." त्यातल्याच एका घराची गोष्ट सांगते, ओळख कळू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात आणि मुलीला इथे छकुली म्हणते.

सांगोल्याकडचं कुटुंब, बाबांचा दुधाचा धंदा, लग्न नात्यातलं, मामाची मुलगी केलेली. छकुली आमच्याकडे आली तेव्हा एक वर्ष दहा महिन्यांची होती. आजीचं म्हणणं, हिचा बापपण उशिराच बोलायला लागला होता, आणि त्या भरवशावर वर्ष गेलं. शिवाय दुधाचा कॅन जमिनीवर आपटला की पोरगी वळून बघायची, म्हणून सगळ्यांना वाटायचं ऐकू येतंय, पण ती हादऱ्याने वळत होती. बेरा टेस्टमध्ये, म्हणजे आवाज दिल्यावर ऐकण्याची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते मोजणाऱ्या तपासणीत, दोन्ही कानांना 90 डेसिबलवरसुद्धा काही रिस्पॉन्स आला नाही. चार महिने हिअरिंग एड लावून थेरपी केली तरी हाकेला ओ नाही. एमआरआयमध्ये कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातला शंखासारखा भाग, आणि ऐकण्याची नस दोन्ही व्यवस्थित, म्हणजे इम्प्लांट करता येणार होतं.

मधल्या काळात आई माझ्याशी नीट बोलायचीच नाही. एकदा एकटी आली तेव्हा कळलं, गरोदरपणात ग्रहणाच्या वेळी तिने भाजी चिरली होती आणि दोन वर्षं घरात तेच ऐकून घेत होती. मग जीन टेस्टचा रिपोर्ट आला, जीजेबी2 नावाच्या जीनमध्ये दोष, दोष असलेली एक प्रत आईकडून आली एक बाबांकडून, दोघांना स्वतःला काहीच त्रास नाही. मी तो कागद मुद्दाम आजींसमोर वाचून दाखवला. आई रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

आणि त्याच कागदावरून बाबा अडले. "दोष जीनमध्येच आहे ना मॅडम, मग जीनच दुरुस्त करू की. लेकराच्या डोक्याला ड्रिल कशाला मारायचं?"

मी त्यांना व्हिडिओ खोटा आहे असं म्हणाले नाही, कारण तो खोटा नव्हता. शांघायच्या डॉक्टरांनी 6 मुलांना कानात जीन थेरपी दिली, 5 जणांचं ऐकणं सुधारलं, जानेवारी 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, खरंच मोठं काम आहे. पण ती सगळी मुलं ओटीओएफ नावाच्या वेगळ्या जीनची होती. त्या मुलांच्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, जागेवर असतात, आवाज पकडतातही, फक्त पुढे नसेकडे निरोप सोडणारं प्रोटीन तयार होत नाही. बाबांना म्हणलं, दादा, विहिरीत पाणी आहे, मोटर चालू आहे, फक्त व्हॉल्व्ह उघडत नाही, तो त्यांनी उघडला. जन्मतः बहिऱ्या मुलांमध्ये अशी मुलं थोडीच असतात. छकुलीचा जीजेबी2 पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या बारीक वाटा बनवतो, तिथला बिघाड निराळा, ते इंजेक्शन तिच्या कामाचं नाही.

"आज नाही, पण चार-पाच वर्षांत तिच्यासाठीपण निघेल की."

निघेलही, मी नाही कशाला म्हणू. पण तोपर्यंत छकुलीचा मेंदू काय करणार, हा माझा प्रश्न होता. अनु शर्मा म्हणून अमेरिकेतल्या संशोधक आहेत, त्यांनी 2002 मध्ये जन्मतः बहिऱ्या 104 मुलांचा अभ्यास मांडला. इम्प्लांट झाल्यावर मेंदूचा ऐकणारा भाग आवाजाला किती लवकर प्रतिसाद देतो ते डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मोजलं. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांमध्ये तो प्रतिसाद सहाएक महिन्यांत वयाप्रमाणे आला, सात वर्षांनंतर झालेल्या बहुतेक मुलांमध्ये आलाच नाही. मेंदूतली ती जागा कुणासाठी राखून ठेवलेली नसते हो, आवाज आला नाही की दुसरी कामं तिथे घुसतात, मग उद्या कान दुरुस्त झाला तरी आवाज पोचणार कुठे? हे मी बाबांना कागदावर मेंदूचं चित्र काढून सांगितलं आणि त्यांनी तो कागद खिशात घालून नेला.

आईने मात्र नेमका उलटा प्रश्न विचारला. "मग आम्हाला उशीर झाला का?" कारण 2010 च्या एका अमेरिकन अभ्यासात, 6 केंद्रांतली 188 मुलं होती त्यात, दीड वर्षाच्या आत इम्प्लांट झालेली मुलं बोलण्यात सगळ्यात पुढे गेली, आणि हे मीच तिला आधी कधीतरी सांगून बसले होते. तिला सांगितलं, ताई, ही उतरण आहे, कडा नाही, सव्वादोन वर्षांची पोर अजून बरीच वर आहे. आणि त्याच अभ्यासात हेपण दिसलं की आईबाप मुलाशी कसे बोलतात, त्याच्या खेळात कसे शिरतात यानेही फरक पडतो, ते तर तुझ्याच हातात आहे.

माझ्याकडे सातव्या वर्षी इम्प्लांट झालेला एक मुलगा येतो. हॉर्न ऐकतो, नाव घेतलं की वळतो, पण बोलणं त्याला कळत नाही. तो खुणांच्या भाषेत शिकतोय, चित्रं सुंदर काढतो, त्याचं आयुष्य वाया गेलं असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. पण त्याच्या आईबाबांना बोलणं हवं होतं, आणि त्यासाठी लागणारी वर्षं वाट बघण्यात गेली. हे मी छकुलीच्या घरी सांगितलं, घाबरवायला नाही, माहीत असावं म्हणून.

शेवटी ऑपरेशन ठरलं. पैशांसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेत, म्हणजे दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या योजनेत, अर्ज केला, तिथेही जन्मतः बहिऱ्या मुलांना वयाची अट साधारण 1 ते 5 वर्षं आहे, म्हणजे थांबण्यात तोही धोका होताच. न्यूमोकॉकलची लस आधी दिली, मेंदुज्वराचा धोका कमी करायला ती लागतेच. बाबांना अजून एक भीती होती, मेंदूला हात लावणार म्हणून. तसं नसतं, कानामागच्या हाडातून कॉक्लियापर्यंत वाट करतात, मेंदू उघडत नाहीत.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी इम्प्लांटचं बाहेरचं मशीन सुरू केलं, सगळं घर मोबाईल काढून व्हिडिओसाठी तयार, आणि छकुलीने भोकाड पसरलं. आजी म्हणाल्या, "पोरीला त्रास होतोय, काढा ते." दोन वर्षं शांततेत राहिलेल्या लेकराला पहिला आवाज नकोसाच वाटणार, म्हणून सुरुवात हळू पातळीने करतो आणि दर मॅपिंगला, म्हणजे मशीनची पातळी जुळवायच्या भेटीला, थोडं थोडं वाढवतो. झोप आणि आंघोळ सोडून दिवसभर मशीन डोक्यावर, ही एकच गोष्ट मी हट्टाने सांगितली. कॉइल, म्हणजे डोक्याला चुंबकाने चिकटणारी मशीनची चकती, सारखी पडायची, आजींनीच कापडी पट्टा शिवला.

बाबांनी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागून पानं सुरू केली. सकाळी बाबांनी म्हणायचं आ, ई, ऊ, श, स, म, तोंड झाकून, ती कशाला वळली कशाला नाही ते लिहायचं. पहिले दोन महिने जवळजवळ सगळीकडे फुल्या. मग म्हशीचं हंबरणं, कुकरची शिट्टी, एसटीचा हॉर्न. "स" सगळ्यात शेवटी आला.

सात महिन्यांनी वहीत एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली. दुपारी खेळता खेळता मशीनची बॅटरी संपली, कुणाच्या लक्षात आलं नाही, तर छकुली स्वतः आईकडे आली, कानाला हात लावला आणि "नाई, नाई" म्हणाली. बाबा आता दुसऱ्या कानाचं विचारतात, खर्च किती, कधी करायचं. पुढच्या मॅपिंगला येतील तेव्हा त्यावर बसून बोलायचं ठरलंय.