लेकीला अपघाताच्या केसेस चालवायच्या आहेत

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एलएल.बी. करून अपघात नुकसानभरपाईचे दावे चालवायचे, असं तिने ठरवलंय. ‘दवाखान्याच्या दारात पक्षकार गाठायचे आणि भरपाईतले टक्के घ्यायचे, हे काम आपल्या मुलीने करायचं का?’ असं तुम्ही विचारलंय. यात पोट भरेल का, हा तिच्या वडिलांचा प्रश्न.

टक्क्यांचं आधी सांगते. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांनी मनाई आहे. काम मिळवण्यासाठी पक्षकारांच्या मागे लागायलाही मनाई आहे. तरीही हे सर्रास चालतं आणि त्यात विधवेच्या हातचा पैसा जातो, म्हणून तुमची काळजी रास्तच आहे. मुलीने फी पहिल्याच भेटीत आकड्यात सांगावी, टप्प्याटप्प्याने घ्यावी आणि पावती द्यावी. ज्यांना फी परवडत नाही त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावं. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो.

आता प्रत्यक्ष काम. यात कोर्टात गाजवायची भाषणं फारशी नसतात, असते ती आकडेमोड. म्हणून तिचं बी.कॉम. वाया जाणार नाही. एक हिशेब बघा. 32 वर्षांचा वेल्डर, महिना 18,000 रुपये कमाई. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे झाले 2,16,000. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळीसच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरायचे : 3,02,400. हे प्रमाण सुप्रीम कोर्टाने 2017 च्या प्रणय सेठी निकालात ठरवून दिलंय. अवलंबून असलेले चार, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव भाग वजा : 2,26,800. याला 16 ने गुणायचं. वयानुसार गुणक देणारा तक्ता 2009 च्या सरला वर्मा निकालातला. आले 36,28,800. अंत्यविधीचा खर्च वगैरे ठरीव रकमा वेगळ्या.

आता कमाईचा कागदच नाही, म्हणून न्यायाधिकरणाने, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या कोर्टाने, अंदाजाने महिना 12,000 धरले असं समजा. तोच हिशेब 24,19,200 वर येतो. म्हणजे 12 लाखांहून जास्त गेले, तेही बँकेचं पासबुक, गुमास्ता परवाना किंवा माल घेतल्याची बिलं वेळेत गोळा केली नाहीत म्हणून. वकिलाचं खरं काम इथे आहे.

दावे बुडतात तेही बहुतेक कागदावरच. जखमीला दवाखान्यात नेल्यावर घाबरलेला नातेवाईक केसपेपरवर ‘गाडी घसरून पडले’ एवढंच सांगतो. चार दिवसांनी फिर्यादीत ट्रकने धडक दिल्याचं येतं. विमा कंपनीचा वकील उलटतपासात नेमका तो केसपेपर समोर ठेवतो. म्हणून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी शेजारी ठेवून तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर जुळवायची सवय लागली पाहिजे. विसंगती दिसली तर तिचं खरं कारण दावा लिहितानाच मांडायचं. आणि कागद जुळवण्यासाठी खोटा चालक किंवा दुसरीच गाडी उभी करायला कोणी सांगितलं, तर ते वकीलपत्र घेऊच नये.

जखमींच्या दाव्यात अपंगत्वाच्या दाखल्यावर बरीच चूक होते. दाखल्यावर 50 टक्के लिहिलं म्हणजे कमाईही 50 टक्केच बुडाली, असं नसतं. पाय गेलेला ट्रकचालक पुन्हा ट्रक चालवू शकत नाही, टेबलावर बसून काम करणारा कारकून कामावर परत जाऊ शकतो. सुप्रीम कोर्टाने 2010 च्या राजकुमार निकालात हाच फरक समजावून सांगितलाय. तो सिद्ध करायला डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं, त्यांना प्रश्न विचारण्यापुरतं हाडांचं शास्त्र शिकावं लागतं.

कायदाही हलता आहे. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करायची अट परत आली. तिला आव्हान दिलं गेलंय आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. तो अंतरिम आहे, म्हणून सहा महिने पाळावेतच. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचारांची योजना आहे. गाडी पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 मिळतात. दारात आलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगता आलं पाहिजे.

वाट अशी : पदवीनंतर एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षांचं एलएल.बी. खुल्या गटाला पदवीत 45 टक्के लागतात. त्यानंतर वकिलीची सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा. सनदेसाठीची नोंदणी फी खुल्या गटाला 750 रुपयांहून जास्त घेता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये सांगितलंय.

तिच्या वडिलांना स्पष्ट सांगा, सुरुवातीची वर्षं ओढीची असतात. ज्युनियरला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. सीनियरकडे जाण्याआधी पैशाचं विचारून घ्यावं, त्यात संकोच नको. पक्षकारांच्या बाजूने आणि विमा कंपनीच्या पॅनेलवर, अशा दोन्हीकडच्या फायली हाताळणारा सीनियर मिळाला तर उत्तम. समोरचा कुठे बोट ठेवणार, ते तिथे आधीच कळतं.

परीक्षा संपली की तिला आठवडाभर जिल्हा न्यायालयात मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर बसू द्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर निकाल फुकट वाचता येतात. त्यातले पाच काढून शेवटची रक्कम झाकावी, हिशेब स्वतः मांडावा आणि मग ताडून पाहावा. आकडा जुळला नाही आणि कुठे चुकलं ते शोधत ती रात्री जागली, तर सीईटीचा फॉर्म भरा.