वरच्या मजल्याच्या डीबीसाठी (वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युशन बोर्डासाठी) वायर किती जाडीची घ्यावी

वायरची जाडी दुकानदाराला विचारून ठरवू नका. वरच्या मजल्यावर एकाच वेळी काय काय चालणार आहे, याची बेरीज आधी कागदावर मांडा. दीड टनाचे दोन एसी, 2 किलोवॉटचा गिझर, फ्रिज आणि दिवे-पंखे मिळून समजा 7 किलोवॉट भार होत असेल, तर 230 व्होल्टवर तो सुमारे 30 अँपिअर भरतो. एवढा प्रवाह 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला झेपतो असे वायरींच्या क्षमतेच्या तक्त्यात दिसेल. पण भिंतीतल्या कोंदट पाइपात, इतर वायरींच्या गर्दीत आणि मे महिन्याच्या उकाड्यात तिची क्षमता बरीच उतरते.

अंतराकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. मुख्य बोर्डापासून ही डीबी 40 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 80 मीटर तांबे होते आणि 30 अँपिअरला सहाच्या वायरीत जवळजवळ 8 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात; दहाच्या वायरीत हाच आकडा साडेचारच्या आसपास राहतो. अशा ठिकाणी मी तरी दहाचीच वायर आणि मुख्य बोर्डात तिच्यासाठी 40 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) सुचवेन. एमसीबी वारंवार पडतो म्हणून वायर तीच ठेवून 63 अँपिअरचा बसवणे म्हणजे वायर जाळण्याची सोय करणे होय.

न्यूट्रल आणि अर्थिंगच्या वायरी फेजच्याच (वीज आणणाऱ्या वायरीच्याच) जाडीच्या घ्या, मात्र वरच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडू नका. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.