पाचव्या महिन्यातला गुडघा

परळहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्सला. सहावीपासून बास्केटबॉल खेळते, गेल्या वर्षी राज्य स्पर्धा खेळून आली. एका सामन्यात रिबाउंड (बास्केटला लागून परतलेला बॉल) घेऊन खाली आली, डावा गुडघा आत वळला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, तुटलं. ऑपरेशनला चार महिने झालेत. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. कोच म्हणतात, ‘नी-कॅप लावून दहा मिनिटं खेळू दे, यादीत नाव तरी राहील.’ बाबा म्हणतात, ‘झालं तेवढं बस, आता ‘नीट’ प्रवेश परीक्षेचा अभ्यास.’ मुलगी एका अमेरिकन बास्केटबॉलपटूचं नाव घेऊन विचारते, ‘माझं डेरिक रोजसारखं होणार का?’ आणि आई विचारतात, ‘हिचं करिअर संपलं का?’

ताई,

नाही संपलं. पण पुढच्या महिन्यात तिला कोर्टवर उतरवलंत, तर मात्र मला काळजी वाटेल.

आधी तिच्या बाबांच्या शंकेचं बघू. ‘कोणी धक्कासुद्धा दिला नाही, मग एवढं तुटलं कसं?’ असं ते म्हणतात. एसीएल बहुतेक वेळा असंच तुटतं. उडी मारून खाली येताना, पळता पळता एकदम थांबताना किंवा दिशा बदलताना पाय जमिनीवर रोवलेला राहतो आणि गुडघा आत जातो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांच्या निदान दुप्पट दिसते. तेव्हा पोरीची चूक नाही आणि नाटक तर मुळीच नाही. हे वाक्य बाबांनी तिच्यासमोर एकदा मोठ्याने म्हटलं तर बरं.

आता कोचची दहा मिनिटं. ऑपरेशनमध्ये तुटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवतात, बहुधा मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा. तो बसवल्या दिवसापासून पक्का होत जातो असं आपल्याला वाटतं. पण तो आधी कमजोर होतो आणि मग हळूहळू रुजतो. पाचव्या महिन्यात सूज उतरलेली असते, जिना धडाधड उतरता येतो, मुलगी म्हणते ‘आई, काही दुखत नाही’, आणि आतला बंध अजून कच्चाच असतो. फसगत होते ती इथेच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळपास निम्मा होत गेला. पंचविशीच्या आतले जे खेळाडू पुन्हा मैदानात उतरतात, त्यांच्यातल्या चौघांमागे जवळपास एकाचं एसीएल पुन्हा जातं, त्याच पायाचं किंवा दुसऱ्या. नी-कॅपने हे थांबत नाही.

कोच वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्यांना संघ उभा करायचाय आणि उंच मुली रोज मिळत नाहीत. पण त्यांचा हिशोब या मोसमाचा आहे, तुमचा पुढच्या आठ-दहा वर्षांचा असायला हवा.

तो हिशोब मांडू. आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये करिअर म्हणजे काय? अमेरिकेसारखी लीग नाही. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला एनबीए या अमेरिकी लीगमधल्या डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडलं तेव्हा नागपाड्याच्या कोर्टवरच्या पोरांनाही आभाळ ठेंगणं झालं असेल, पण पोट भरण्याचा रस्ता आजही नोकरीतूनच जातो. रेल्वे, पोलीस, काही सरकारी कंपन्या, आणि राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण. महिला बास्केटबॉलमध्ये तर रेल्वेचा दबदबा वर्षानुवर्षं आहे. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात वयाची खिडकी साधारण १८ ते २५, तिथे अलीकडची कामगिरी बघतात आणि मैदानात उतरवून चाचणीही घेतात. म्हणजे तुमच्या मुलीला गुडघा लागणार आहे तो वयाच्या विसाव्या, बाविसाव्या वर्षी. सोळाव्या वर्षीची एक निवड चाचणी हुकली तर त्या खिडकीला ओरखडाही पडत नाही. दुसरं ऑपरेशन झालं, त्यात कुर्चाही (गुडघ्यातली गादी) गेली, तर खिडकी बंद.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक व्हॉलीबॉलपटू आला होता, ऑपरेशनला सहा महिने झालेले. तो म्हणाला ‘सर, एकच स्पर्धा’, आणि मी त्याच्या वडिलांना म्हणालो, ‘मुलाचा उत्साह आहे, बघा तुम्ही.’ ‘बघा तुम्ही’ हा माझ्या या सल्ला देण्याच्या धंद्यातला सगळ्यात पळपुटा शब्द. दुसऱ्या सेटमध्ये तोच गुडघा गेला. त्यानंतर हा शब्द मी वापरत नाही, म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतोय.

आता डेरिक रोजबद्दल. २०११ मध्ये २२ व्या वर्षी तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढच्या वर्षी डावं एसीएल गेलं, पूर्ण एक मोसम तो बाहेर बसला आणि परतल्यावर थोड्याच दिवसांत उजव्या गुडघ्याची कुर्चा फाटली. म्हणजे थांबूनही दगा होऊ शकतो, हे तिच्यापासून लपवू नका. पण २०१८ मध्ये त्याच माणसाने एका सामन्यात ५० गुण केले, हेही तिला माहीत असेलच. मी तिला एनबीएचाच शॉन लिव्हिंगस्टन बघायला सांगेन. २००७ मध्ये त्याचा गुडघा असा मोडला की पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली होती. आधी त्याची सगळी मदार वेगावर आणि उड्यांवर. परतला तेव्हा ते कमी झालेलं. मग त्याने उंचीचा उपयोग केला. बुटक्या प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करायची, त्याला दोन पावलं मागे रेटायचं आणि मध्यम अंतरावरून त्याच्या डोक्यावरून शॉट. गोल्डन स्टेट संघासोबत तीन विजेतेपदं जिंकली. गुडघा गेल्यावर त्याने खेळ बदलला, आणि बदलायला वेळ घेतला.

तुम्ही पत्रासोबत तिच्या वहीचा फोटो पाठवलात, तो मी तीनदा बघितला. मुलगी कोर्टच्या कडेला बसून मैत्रिणींच्या मॅचची नोंद ठेवते. समास आखलेला, मिनिटं लिहिलेली, आणि एका ओळीत: ‘७ नंबर डावीकडे गेली की पास देतच नाही, ४ दा.’ सोळाव्या वर्षी ‘७ नंबर वाईट खेळली’ एवढंच लिहिलं जातं. हिने कारण लिहिलंय. यावरून तिला लगेच अ‍ॅनालिस्ट करायला निघू नका, तो आपल्या आयाबापांचा जुना रोग आहे. पण हे महिने वाया जात नाहीयेत एवढं नक्की. स्कोअर टेबलवरचं काम, म्हणजे गुणपत्रक आणि २४ सेकंदांचं घड्याळ, शिकता येत असेल तर शिकू दे.

‘मग फिजिओ होईन’ असंही ती म्हणते. दुखापतीनंतर निम्मी पोरं हेच म्हणतात, कारण त्या काळात जगात सगळ्यात चांगला माणूस फिजिओच वाटतो. महाराष्ट्रात त्या प्रवेशालाही नीट लागते, म्हणजे बाबांचं आणि तिचं भांडण तसं अर्ध्यावर मिटलं. फक्त आधी एखाद्या फिजिओच्या परवानगीने दोन दिवस ओपीडीत बसवा. तिथे खेळाडू कमी, पक्षाघाताचे आजोबा आणि कंबर धरलेल्या मावश्या जास्त. तरी आवडलं तर खरं.

सर्जनना तारीख विचारू नका, चाचण्या विचारा. दोन्ही मांड्यांची ताकद मोजून आणि एका पायावरच्या उड्या मारून घेऊन ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के भरतो का, उतरताना गुडघा आत पडतो का, हे बघतात. नऊ महिने हा कमीत कमी आकडा आहे. कोचना सांगताना ‘डॉक्टर नाही म्हणतात’ एवढंच सांगा, वाद घालू नका, आणि मुलीला सरावाच्या वेळी बाकावर पाठवत राहा. नाव यादीतून गेलं तरी चेहरा जाता कामा नये. आजवरची सगळी मूळ प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेवा, सरकारी नोकरीच्या वेळी क्रीडा खात्याकडून त्यांची पडताळणी करून घ्यावी लागते.

शनिवारी संध्याकाळी मी दादरच्या ऑफिसात असतो. तिला घेऊन या, बाबांनाही आणा, आणि वही विसरू नका. दुसरा मजला आहे, लिफ्ट बहुधा बंदच असते. खालून फोन करा, मी उतरतो. समोरच्या हॉटेलात बसू.