किती, ते नंतर विचार

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘काका, चार वर्षं गेली, शिल्लक शून्य, म्हणून पाचव्यांदा तहसीलच्या नोकरीची परीक्षा देते’ या एका ओळीवर मी अडकलो. धीर देणारी माणसं तुझ्याभोवती पुष्कळ आहेत, ते काम मी करत नाही. मेहनत कशाला म्हणतात हे कपाशीच्या ओळीत वाकलेल्या तुझ्या आईनं तुला शिकवलं आहे. माझं भांडण आहे ते तुझ्या हिशेबाशी.

शून्य म्हणतेस, ते कशाचं?

मी बाजार समितीत मापारी म्हणून जन्म काढला. लोकांना वाटतं, काट्यावर आलं ते वजन म्हणजेच माल. अगं, कापसात ८ टक्के ओलावा असेल तर तो क्विंटल वेगळा आणि १२ टक्के असेल तर वेगळा. त्याच्या पुढे गेला तर सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचं, खरेदी केंद्र माल परत पाठवतं. जिनिंगमध्ये सरकी वेगळी केली, की त्याच क्विंटलातून रुई, म्हणजे नुसते धागे, निघते साधारण ३३ ते ३५ किलो, बाकी बहुतेक सरकी. काटा खरंच बोलतो, पण तो ‘किती’ एवढंच सांगतो. ‘कशाचं’ हे ढिगात हात घालूनच कळतं. किती विचारण्याआधी कशाचं ते विचार. मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी.

तुझी चार वर्षं कुठे साठवून ठेवलेली नव्हती, की कुणी उचलून न्यावीत. गावात राहिलेल्या तुझ्या मैत्रिणीचीही तेवढीच सरली. पण तू त्या वर्षांना गुंतवलेली रक्कम समजतेस आणि आता ती वसूल करायला निघालीस. मृगात पेरलेलं बी पावसानं दडी मारल्यावर करपलं, तर दुबार पेरणी कशाच्या भरवशावर करतात? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. पहिल्या बियाण्याला किती पैसे गेले, हे त्या सल्ल्यात कुठेच नाही. आज जमिनीत ओल आहे का, एवढंच बघायचं. पहिलं बी वाया जाऊ नये म्हणून दुसरं मातीत टाकणाऱ्याला तुझे वडीलच चार शब्द सुनावतील.

आमच्या वाटणीचं तू ऐकलं असशील, गावात अजून बोलतात. नऊ एकर, तीन भाऊ. थोरला म्हणाला, तीन-तीन एकर, विषय संपला. पण नाल्याकडचं वावर काळं, कसदार. टेकडीकडचं बरड, हातभर खणलं की मुरूम. मी अडून बसलो. एकर मोजू नका, माती बघा. जुन्या मोजणीवाल्यांनाही हे कळत होतं, म्हणून तर सारख्या क्षेत्राला साऱ्याची आकारणी वेगळी लावलेली असते. तू सातबारा वाचतेस, तुला ठाऊक आहे. मला भांडखोर ठरवलं. शेवटी प्रत्येकाला दोन्हीकडच्या पट्ट्या मिळाल्या. पट्ट्या अरुंद झाल्या, वखर वळवताना बैल अडतात, मधल्या बांधांतच केवढी जमीन गेली. थोरला माझ्याशी बोलायचा बंद झाला आणि न बोलताच गेला. ते सलतं मला, रोज सलतं. तरी उद्या पुन्हा वाटणी झाली तर मी हेच म्हणेन. नाहीतर धाकट्याच्या पदरात निव्वळ बरड पडली असती आणि पंचांनी सांगितलं असतं, समान दिलं. समान काय दिलं? एकर! त्या बरडीवर त्यानं लेकरं कशी जगवली असती, हे मला आजवर एकानंही सांगितलेलं नाही.

स्थळं येतात तिथेही तेच. पहिला प्रश्न, शेती किती? ओलिताची की कोरडवाहू, हे मागाहून. त्या घरात माणसं एकमेकांशी बोलतात का, हे कुणी विचारतच नाही. तुझं वय मोजणाऱ्यांना मोजू दे.

आणि बरोबरच्या पोरांशी तुलना कशाला? गावाची पैसेवारी, म्हणजे सगळ्या पिकाचा सरासरी अंदाज, ५० पैशांच्या वर निघाली, की ज्याचं वावर वाळलं तोही सुकाळातच धरला जातो. अशा सरासरीत तू स्वतःला बसवू नकोस.

पाचव्यांदा बस, नाहीतर नको बसूस. पण ‘चारदा दिली म्हणून’ हे कारण मी ऐकून घेणार नाही. तहसीलमधलं काम तुला हवं आहे का? फेरफार, पंचनामे, भर उन्हात दारात ताटकळणारी माणसं, वरून येणारा दबाव, हे सगळं? दिवाळीत तू शेजारच्या काकूंच्या वारस नोंदीचे कागद लावत बसली होतीस, जेवायला हाक मारली तरी उठली नाहीस. मी बघत होतो. तेव्हा तुला यादीतला क्रमांक आठवत होता, की काकूंचं काम? याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे, आणि ते न देता तू अर्ज भरतेस याचा मला राग येतो.

उत्तर ‘हो’ असेल तर तुझ्या वडिलांशी मी बोलतो. ‘नाही’ असेल तरी मीच बोलतो. त्यांनी खर्चाचा आकडा काढला तर त्यांनाही हेच सगळं ऐकवीन. मुदत संपण्याआधी लिही, आणि त्या पत्रात वर्षं, वय, गुण यांतलं काही घालू नकोस.

तुझा
काका