जाऊबाईंच्या घरासारखं घर

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी आम्ही डोंबिवलीत टू बीएचके घेतला. हॉल पंधरा बाय दहाचा आहे. सोफा, टीपॉय, पडदे, घड्याळ, सगळं चांगल्या दुकानांतून एकेक करून आणलं. तरी ठाण्याला जाऊबाईंकडे गेलं की वाटतं, त्यांच्या घराला काहीतरी 'लुक' आहे आणि आपल्याकडे नुसतं सामान आहे. त्यांनी डिझायनर नेमला होता, आम्हाला ते परवडणारं नाही. सोबत हॉलचे तीन फोटो पाठवते आहे. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 'एकेक करून', तिथंच गोम आहे. जाऊबाईंच्या डिझायनरने जगावेगळं काही केलेलं नसणार. त्याने आधी अख्खी खोली कागदावर आखली आणि मग तो दुकानात गेला. तुम्ही आधी दुकानात गेलात. लाजू नका, मीही तेच केलं होतं, आणि तेही घरं सजवण्याच्या या धंद्यात दोन वर्षं काढल्यावर. पुण्यात आमचा पहिला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती. मी हौसेने साडेसात फुटी सोफा घेतला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो असा काही अडकला की ना वर जाईना, ना खाली येईना. खालच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन पाऊण तास जिन्यात उभ्या. हमाली तिप्पट गेली आणि सोफा परत गेला. दुसऱ्यांच्या घरी टेप घेऊन फिरणारी मी, स्वतःचा जिना मोजायला विसरले होते.

तेव्हा आता एक टेप आणि आठवड्याची रद्दी घ्या. सोफ्याच्या, टीपॉयच्या, टीव्ही युनिटच्या मापाचे कागद कापून जमिनीवर पसरा आणि दोन दिवस घर त्यावरून वावरू दे. जायच्या-यायच्या वाटेला अडीच फूट हवेत. सोफा आणि टीपॉयमध्ये सोळा-अठरा इंच, म्हणजे कप ठेवायला वाकावं लागत नाही आणि गुडघाही आपटत नाही. तुमच्या फोटोत टीपॉय सोफ्याला चिकटलाय आणि कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे आहेत. त्या खुर्च्या दुसऱ्या खोलीत न्या. खरेदीच्या आधी हे करा, कारण यानंतर निम्मी खरेदी रद्द होते असा माझा अनुभव आहे.

आता उजेड. तुमच्या हॉलमध्ये दारावर पांढरीफट्ट ट्यूब, मध्ये पिवळा बल्ब आणि पीओपीच्या खाचेत निळी पट्टी आहे. ती निळी पट्टी आजच काढा, हॉल आहे तो, आइस्क्रीम पार्लर नव्हे. बल्बच्या खोक्यावर उजेडाचा रंग सांगणारा केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे दवाखान्यासारखा निळसर पांढरा, ३००० म्हणजे उबदार पिवळसर. हॉलमधले सगळे दिवे ३०००चेच घ्या, एकही वेगळा नको. आणि सगळा उजेड छतातून सांडू देऊ नका. एक उभा दिवा सोफ्याशेजारी, एक भिंतीवर, एक चित्रावर रोखलेला. तीन ठिकाणी उजेड आणि मध्ये थोडी सावली, डोळ्याला जे 'महाग' वाटतं ते बहुतेक वेळा हेच असतं. ट्यूब मात्र काढू नका, वेगळ्या बटणावर ठेवा. तांदूळ निवडायला आणि सासऱ्यांना पेपर वाचायला तीच लागणार.

पडद्यांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक तिथं पडतो. तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटांत मिळतात. तुम्ही खिडकीचे म्हणून पाच फुटी घेतलेत. ते खिडकीच्या जरा खाली येऊन थांबलेत, आखूड झालेल्या शाळेच्या चड्डीसारखे. रॉड खिडकीच्या चौकटीवर नाही, छताच्या जरा खाली लावायचा. छत साडेनऊ फूट असेल तर रॉड नऊ फुटांच्या किंचित वर आणि पडदा नऊ फुटी, जमिनीला जेमतेम न टेकणारा. खिडकी पाच फूट रुंद असली तरी रॉड साडेसहा फूट घ्या, म्हणजे पडदा सारला की तो भिंतीवर जातो आणि काच पूर्ण मोकळी होते. खिडकी मोठी वाटते, छत उंच वाटतं. कापडाची एकूण रुंदी रॉडच्या दुप्पट तरी हवी, नाहीतर चुण्या पडत नाहीत, धुतलेली चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. कापड सुती असेल तर आधी एकदा धुवा, मग खालची पट्टी शिवा. मी सजवलेल्या एका घरी न धुता शिवलेले पडदे पहिल्याच धुण्यात आटले आणि त्या बाईंनी वर्षभर मला ते ऐकवलं.

भिंतीवरच्या चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर यावा. आपल्याकडे फ्रेम दाराच्या वर, पुढं झुकवून लावायची सवय आहे, ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोटोंसाठी, आणि तिथं ती शोभतेही. पण वारलीचं चित्र तिथं कशाला? सोफ्यावर लावणार असाल तर फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच वर, त्याहून नाही.

प्रश्न : ताई, साताऱ्याला आमच्या सासूबाईंचा तांब्याचा बंब, दोन हंडे, घंगाळ, कळशी, पितळी डबे आणि एक सागवानी फडताळ आहे. फडताळावर ऑइलपेंटचे थर आहेत. सगळं हॉलमध्ये मांडून 'वाडा लुक' करायचा विचार आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : सगळं मांडलंत तर वाडा नाही, हायवेवरचं मराठमोळं हॉटेल होईल. पाहुणे पिठलं-भाकरीची ऑर्डर देतील. एक फडताळ आणि एक बंब, बस्स. बाकीचं सोवळ्यात ठेवल्यासारखं माळ्यावर जपून ठेवा, दर सणाला अदलाबदल करा.

बंबाला भोक पाडून दिव्याचा स्टँड करू नका. घंगाळात झाड लावायचं तर आत प्लॅस्टिकची कुंडी बसवा, ओली माती थेट धातूला लागली की काळे-हिरवे डाग पडतात. चिंच-मीठ लावून महिन्यातून एकदा घासायची तयारी असेल तर चकाकी ठेवा. नसेल तर तांबं काळवंडू दे, तेही छान दिसतं. अर्धवट घासलेलं मात्र वाईट.

फडताळाचं काम वेळ घेऊन करा. ऑइलपेंट केमिकलने फुगवून खरवडून काढा, कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं (आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७मध्ये लागू झाली), त्याची पूड श्वासात जायला नको. मास्क हवा, मुलं लांब हवीत. मग ८०, १२० आणि शेवटी २२० नंबरचा पॉलिशपेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवा फिरवलात तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. शेवटी चपड्याचं, म्हणजे लाखेचं, फ्रेंच पॉलिश, कापडाच्या बोळ्याने, हलक्या हाताने, एकावर एक थर. हे श्रावणात करायला घेऊ नका. हवा दमट असली की पॉलिश पांढुरकं पडतं आणि मग पॉलिशवाला तुम्हाला आणि तुम्ही त्याला बोलता. दिवाळी होऊ दे. थंड, कोरड्या हवेत ते बसतं. पुढच्या दारांना मूळ काच असेल तर ती बदलू नका. जुन्या काचेतून पलीकडचं जरा हललेलं दिसतं, ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. आत खणाच्या कापडाचं अस्तर लावा, एकाच रंगाचं.

प्रश्न : बेंगळुरूत अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. घरमालक खिळा ठोकू देत नाहीत. डेकोरेशनचं काय करायचं? – एक वाचक

उत्तर : मोठं चित्र भिंतीला टेकवून जमिनीवर किंवा बुटक्या कपाटावर ठेवा, टांगण्याची गरजच नाही. पडद्यांना दाबाने बसणारा रॉड मिळतो, खिडकीच्या दोन भिंतींमध्ये फिट होतो. चिकटपट्टीचे हुक डिस्टेंपरवर रंगासकट निघतात, तेव्हा आधी दारामागे एक लावून बघा. सतरंजी अशी घ्या की सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील. छोटी घेतलीत तर ती खोलीत हरवलेल्या पायपुसण्यासारखी दिसेल. उभा दिवा घ्या आणि होल्डरमधले बल्ब बदला. मालकाचे बल्ब खोक्यात नाव घालून जपा, घर सोडताना तेच परत बसवा आणि आपले काढून न्या.