ज्वारीचा धंदा वाढवायचाय ना, मग आधी हे वाच

भावा, मशीनसाठी लगेच लोन काढू नको. आमच्याकडं मंगळवेढ्याला आजोबा ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात, ठेवायचे, वडलांनी पोती अडतीवर घातली आन आता आम्ही ५ किलोच्या पिशव्या भरतो, म्हणजे तीन पिढ्या गेल्या इथवर यायला. माल तोच, मालदांडी जातीची ज्वारी, फक्त स्वच्छ करून विकायला शिकलो. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं पण नुसत्या टॅगनं गिऱ्हाईक येत नाय, पिशवीत एक खडा निघाला की ते परत फिरकत नाय.

सगळ्यात महत्त्वाचं वाळवण. दाणा दाताखाली धर, कट्ट वाजला पाहिजे, दबला तर अजून ऊन दे. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असताना आम्ही एकदा घाईत पॅकिंग केलं, बुरशी धरली, अख्खा लॉट माघारी आला, वडील दोन दिवस जेवले नाहीत.

कडब्याचा हिशोब वेगळा लिही, दुष्काळात तोच तारतो. आन चुलत्यांसोबत धंदा असंल तर कुणाचा किती वाटा ते आत्ताच कागदावर घे, आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं त्यापायी.