क्लिक घटले? आधी सर्च कन्सोल (साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघड
गूगलवरून साइटवर येणारा ट्रॅफिक घसरला म्हणून लगेच सगळी पानं नव्याने लिहायला बसू नकोस. इम्प्रेशन (साइट निकालांत किती वेळा दिसली) आणि निकालांतलं सरासरी स्थान तेवढंच, फक्त क्लिक कमी, असं दिसलं तर बहुधा निकालांचं पानच बदललंय. मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर, आणलं, मग इतर देशांत. उत्तर वरच मिळालं तर खाली कोण येतो?

इम्प्रेशनही पडले असतील, तर कोअर अपडेटच्या, म्हणजे गूगल निकाल लावण्याच्या पद्धतीत करतं त्या मोठ्या बदलाच्या, तारखा ताडून बघ. तो पसरायला दोनेक आठवडे सहज लागतात, तोवर हात लावू नकोस. मी एकदा घाईत सगळी शीर्षकं बदलली. नंतर कशामुळे काय झालं तेच कळेना! तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी कर, कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा असतो.